रुग्णालयाचे बिल आणि विमा कंपनीचे पत्र : या चुका टाळा

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातला रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा कोल्हापूर, मुंबई किंवा गोवा गाठतो, आणि डिस्चार्ज मिळाला की काळोख पडण्याआधी घाट उतरावा, अशी घरच्यांची घाई असते. या घाईत एकच रकमेचा आकडा असलेले बिल घेऊन लोक निघतात. पुढे विमा कंपनीने पैसे कापले, तर नेमके कशातून कापले हे त्या कागदावरून कळत नाही आणि तपशील मागायला पुन्हा घाट चढावा लागतो. म्हणून खोलीभाडे, डॉक्टरांच्या भेटी, शस्त्रक्रिया, तपासण्या व औषधे यांची तारीखवार फोड असलेले बिल निघण्यापूर्वीच मागून घ्यावे.

दुसरी चूक खोली निवडताना होते, आणि तीच सर्वांत महागात पडते. समजा, पॉलिसी पाच लाखांची आहे आणि तिच्यात खोलीभाड्याला विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 5,000 रुपये, अशी मर्यादा आहे. रुग्ण 8,000 रुपयांच्या खोलीत चार दिवस राहिला, तर फरकाचे 12,000 रुपयेच आपल्याला भरावे लागतील, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात सर्जनची फी, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग अशा खोलीच्या दर्जानुसार बदलणाऱ्या खर्चालाही पाचास आठ (मंजूर भाडे 5,000, प्रत्यक्ष भाडे 8,000) हेच प्रमाण लागते. हा खर्च 80,000 असेल, तर त्यातले 50,000 मंजूर होतात आणि कपात एकूण 42,000 वर जाते.

मात्र औषधे, वापराचे साहित्य, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचे भाडे यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. वरच्याच उदाहरणात औषधे व तपासण्यांचे 50,000 धरले, तर बिल 1,62,000 होते आणि त्यातले 1,20,000 मिळायला हवेत. सरसकट सगळ्या बिलावर कपात केली, तर हातात 1,01,250 च येतात. हे 18,750 रुपये आपल्या हक्काचे आहेत. ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलत नाहीत, तिथे तर ही कपात मुळातच लागू होत नाही. त्यामुळे सेटलमेंटचे, म्हणजे किती रक्कम मंजूर झाली व किती कापली हे सांगणारे, विमा कंपनीचे पत्र आले की ते बिलाशेजारी ठेवून प्रत्येक ओळ ताडून पाहावी, असे मी आग्रहाने सांगतो.

कॅशलेसच्या, म्हणजे विमा कंपनीने रुग्णालयाला थेट पैसे देण्याच्या सोयीत, पहिल्या मंजुरीतली रक्कम अंतिम समजू नये. उपचार वाढले की रुग्णालयाने वाढीव मंजुरी मागवायची असते. दाखल होताना भरलेले डिपॉझिट अंतिम बिलात वळते झाले आहे का, हेही पाहावे. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची अंतिम मंजुरी, रुग्णालयाची विनंती पोहोचल्यापासून तीन तासांत मिळायला हवी आणि त्याहून उशीर झाल्याने रुग्णालयाने जास्तीचे पैसे आकारले, तर ते विमा कंपनीने सोसायचे असतात.

डिस्चार्ज समरी, म्हणजे आजार व उपचारांचा गोषवारा देणारा कागद, न वाचता सही करणे ही आणखी एक चूक. दाखल करताना सोबतचा नातेवाईक काळजीच्या भरात "साखर बरीच वर्षं आहे" असे सांगून जातो, तेच कागदावर "दहा वर्षांपासून मधुमेह" असे उमटते आणि निदान दोन वर्षांपूर्वीचे असले तरी आजार लपवल्याचे कारण देऊन क्लेम नाकारला जाऊ शकतो. खरी मुदत सांगणारे जुने रिपोर्ट दाखवून उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच लेखी दुरुस्ती करून घ्यावी, आणि तीही तिथे असतानाच. पॉलिसी सलग पाच वर्षे चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

कपात पटली नाही, तर फोनवर वाद घालण्यात दिवस दवडू नयेत. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवून पोच घ्यावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. तिथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही, आणि रत्नागिरी व सिंधुदुर्गासाठी हे कार्यालय पुण्यात आहे. अर्जासाठी एक वर्षाची मुदत असते, म्हणून कंपनीच्या नकाराच्या पत्रावर ते हाती पडल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी.