आधी सिलेंडर मोजा, मग पाइप घ्या: जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचं ट्युनिंग

व्हेस्पा किंवा लँब्रेटाला थोडी जास्त पॉवर हवी म्हटलं की बहुतेक जण सगळ्यात आधी सायलेन्सर (म्हणजे एक्झॉस्टचा पाइप) घेतात, कारण तो दिसतो, त्याचा आवाज येतो, आणि तीन-चार नट सोडले की बसतो, आणि मग गाडी खालून ओढत नाही, वरती गेली की अडकते म्हणून महिनोन्महिने जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी भोकाची नळी) बदलत बसतात. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच पार्ट आहे, तो सिलेंडरच्या मापाचा असायला लागतो, आणि ते माप घेतल्याशिवाय कुठला पाइप चांगला हा प्रश्नच चुकीचा आहे. खाली मी ज्या क्रमाने काम करतो त्याच क्रमाने लिहितोय.

सुरुवात इंजिन धडधाकट आहे ना हे बघण्यापासून. जुन्या इंजिनाला किट (मोठ्या सिलेंडर-पिस्टनचा सेट) चढवायचं आणि आतले ऑइल सील तसेच ठेवायचे, हे कधीच करू नका. क्रँकचं सील हवा ओढायला लागलं की मिक्स्चर पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन पकडतो, म्हणजे सिलेंडरमधे जाम होतो, मग जेट कितीही बरोबर असू दे. इनलेट आणि एक्झॉस्ट बंद करून, प्लगच्या भोकातून साधारण ०.४ बार प्रेशर भरायचं (सायकलचा हातपंप आणि एक लहान गेज पुरे) आणि काही मिनिटं काटा बघायचा. काटा उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठून येतात ते शोधायचं. व्हेस्पाच्या रोटरी व्हॉल्व्हवाल्या इंजिनात (जिथे फिरणारा क्रँकच इनलेट उघडतो-बंद करतो) अजून एक जागा बघायची, क्रँकचं वेब, म्हणजे त्याची जाड तबकडी, ज्या पॅडला अगदी लागून जाते तो पॅड. त्यावर खोल चर पडलेला असेल तर कार्बोरेटरकडे उलटा फवारा येतो आणि ट्युनिंग जागेवर बसतच नाही. लँब्रेटाला हा त्रास नाही, तिथे इनलेट पिस्टनच उघडतो आणि बंद करतो.

आता मापं. एक डिग्रीची चकती हवी, प्रिंट काढून पत्र्यावर चिकटवली तरी चालते. ती मॅग्नेटच्या बाजूला क्रँकवर घट्ट बसवा, तारेचा एक काटा केसिंगला बांधा. टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) नुसतं डोळ्यांनी ठरवू नका, तिथे क्रँक दोन-तीन डिग्री फिरला तरी पिस्टन हललेला दिसत नाही. हेड काढून वरून एक पट्टी आडवी अशी बांधा की पिस्टन तिला टेकून थांबेल, एकीकडून टेकवा आणि आकडा लिहा, उलटं फिरवून दुसरीकडून टेकवा आणि आकडा लिहा, दोघांच्या बरोबर मधे टीडीसी. मग पट्टी काढा, एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्च मारा आणि पिस्टनची कड खाली जाताना उजेडाची केसाएवढी रेघ दिसली की तो आकडा घ्या, तसाच बंद होतानाचा घ्या. दोन्हीतला फरक म्हणजे एक्झॉस्टचे अंश. ट्रान्स्फर पोर्टचंही (ताजं मिक्स्चर सिलेंडरमधे येतं ती भोकं) असंच. मी तीनदा मोजतो, तिन्ही वेळा एक-दीड डिग्रीच्या आत आलं तरच लिहून ठेवतो.

रोज फिरवायच्या गाडीला एक्झॉस्ट १६० ते १७२ आणि ट्रान्स्फर ११५ ते १२२ च्या आसपास छान. १७५ ते १८० म्हणजे गाडी रेस मागायला लागते, आणि १८५ च्या पुढे खालचा पिकअप जवळपास जातोच. एक्झॉस्टमधून ट्रान्स्फर वजा करून निम्मे करा, तो आकडा ब्लोडाउन, म्हणजे ट्रान्स्फर उघडायच्या आधी जळका गॅस बाहेर पडायला मिळणारा वेळ. १७० आणि १२० असेल तर २५. रस्त्यावरच्या गाडीला २३ ते २७ मला आवडतं. हा आकडा फार लहान असेल तर नुसता पाइप बदलून इंजिन वर जात नाही.

सिलेंडरखाली पॅकिंग टाकून पोर्ट वर घेता येतात, पण त्याने सगळेच पोर्ट वर जातात. ५७ मिमी स्ट्रोकच्या व्हेस्पाला १ मिमीचं पॅकिंग टाकलं तर एक्झॉस्ट साधारण ४ डिग्रीने वाढतो आणि ट्रान्स्फर ५ पेक्षा थोडा जास्त, म्हणजे ब्लोडाउन उलट किंचित कमीच होतो. तो वाढवायचा असेल तर एक्झॉस्ट पोर्टची वरची कड कानसावी लागते, आणि ते अर्धा-अर्धा मिमी करत, दर वेळी मोजून. रुंदीला हात लावताना जपा, मधे खांब नसलेल्या पोर्टची रुंदी बोअरच्या ६२-६५ टक्क्यांच्या पुढे नको, नाहीतर रिंग पोर्टमधे फुगते आणि अडकून तुटते. ६३ मिमीच्या बोअरला म्हणजे फार तर ४० मिमी. कड कानसून झाली की बारीक एमरी पेपरने गोलसर करायला विसरू नका.

आता पाइप, आणि इथे जरा थांबतो कारण सगळी गंमत इथेच आहे. एक्झॉस्ट उघडला की प्रेशरची एक लाट पाइपमधून सुटते. पाइप रुंदावत जातो तिथे ती उलटी होऊन ओढ बनून परत येते आणि सिलेंडरमधला जळका गॅस बाहेर खेचते, त्याच ओढीने ताजं मिक्स्चरही थोडं पाइपमधे येतं. लाटेचा उरलेला भाग पुढे निमुळत्या कोनवर आदळतो, प्रेशर म्हणूनच माघारी येतो, आणि पोर्ट बंद व्हायच्या जरा आधी पोचला तर ते सांडलेलं मिक्स्चर परत सिलेंडरमधे ढकलतो. इंजिनियर वॉल्टर काडेन यांनी पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटरसायकल कंपनीमधे याच लाटांवर काम करून १९६१ मधे १२५ सीसीतून २५ हॉर्सपॉवर काढली होती, म्हणजे लिटरला २००.

लाटेचा वेग साधारण ठरलेला असतो (सेकंदाला ५०० मीटरच्या थोडा वर), त्यामुळे ती वेळेवर पोचणार की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं, पाइपची लांबी, एक्झॉस्टचे अंश आणि आरपीएम. हिशोब असा: एक्झॉस्टचे अंश गुणिले ४३१५०, भागिले आरपीएम, उत्तर मिमीमधे. ही लांबी पिस्टनच्या कडेपासून निमुळत्या कोनच्या साधारण मध्यापर्यंत, पाइपच्या मधोमध धरून. १७२ डिग्रीच्या सिलेंडरला ७००० वर जोर हवा असेल तर १०६० मिमी येतं.

मी हे उलटं वापरतो. विकत घ्यायच्या पाइपवर मधल्या रेषेने दोरी लावून लांबी काढतो आणि आरपीएम किती येतो ते बघतो. समजा लांबी १००० मिमी निघाली, तर १६२ डिग्रीच्या सिलेंडरवर तो पाइप ७००० ला बोलेल आणि १८५ वाल्यावर ८००० ला. पाइप तोच, पण एकाची गाडी मस्त फिरते आणि दुसरा म्हणतो पाइप बेकार. हिशोब ढोबळ आहे, गॅस जितका गरम तितकी लाट जोरात पळते आणि आकडा वर सरकतो, पण आपला पाइप कुठल्या घरातला आहे हे नक्की कळतं.

गिअरचंही बघा. व्हेस्पा पीएक्समधे तिसऱ्यातून चौथा टाकला की आरपीएम जवळपास पाव भाग पडतो, ८००० चे ६००० होतात. पाइपचा जोर ६५०० ला सुरू होत असेल तर चौथ्यात गाडी चढावर मेल्यासारखी होणार, तिसऱ्यात किंचाळणार. म्हणून १५० किंवा १७७ सीसीची, पोर्टचे अंश साधारण कंपनीचेच (स्टॉक) असलेली गाडी असेल तर माझं मत स्पष्ट आहे, बॉक्स टाइपचा मोठा सायलेन्सर घ्या (व्हेस्पाला सिप रोडसारखे, लँब्रेटाला क्लबमन), ज्याला खालून वरपर्यंत सपाट ओढ आहे. एक्सपान्शन चेंबर, म्हणजे वर सांगितलेला रुंद होऊन परत निमुळता होणारा पाइप, तेव्हा घ्या जेव्हा पोर्ट, कार्बोरेटर आणि गिअरिंग तिन्ही त्याच्या जोडीला बदलायची तयारी आहे. पाइपचं शेवटचं बारीक तोंड आवाज कमी व्हावा म्हणून अजून बारीक करू नका, उष्णता आत कोंडते आणि पिस्टन जातो.

बसवताना सिलेंडरच्या तोंडाला पाइपचं तोंड लावून बोटाने आतली कड चाचपा. पाइप थोडा मोठा असला तर चालतो, पण लहान असून पायरी आडवी येत असेल तर ती काढावीच लागते, गास्केटची कडही आत डोकावू देऊ नका. जोडाला हीट सहन करणारा सिलिकॉन लावा. आधी तोंडाकडचं हाताने घट्ट करा, मग ब्रॅकेटचा बोल्ट जोर न लावता आपोआप भोकात जातोय का बघा. ओढून-ताणून बसवलेला पाइप चिरतोच.

हेड कायमचं लावायच्या आधी स्क्विश, म्हणजे पिस्टन वर असताना त्याची कड आणि हेड यांच्यातली फट. २ मिमीची सोल्डरची तार पिस्टनवर गजन पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना ग्रीसने चिकटवा, हेड पूर्ण कसा, क्रँक एकदा फिरवा, तार काढून कडेचा चेपलेला भाग कॅलिपरने मोजा. १.० ते १.३ मिमी हवं. १.० च्या खाली मी जात नाही, आणि २ च्या वर असेल तर हेड मशीनवर घासून घ्या, पिकअपमधे फरक लगेच कळतो.

जेटिंगमधे नेहमी जाडकडून (पेट्रोल जास्त) पातळकडे. मी एकदा १७७ च्या किटवर मोकळा पाइप चढवला आणि मेन जेट स्टॉकचाच राहू दिला, म्हटलं उद्या बदलू. चौथ्यात फुल एक्सलेटरवर गाडी खूप गोड पळत होती, आवाज एकदम स्वच्छ, आणि मग एक्सलेटर सोडला त्या क्षणी मागचं चाक लॉक झालं. क्लचवर दोन बोटं होती म्हणून पडलो नाही. पिस्टन काढला तर एक्झॉस्टच्या बाजूला उभे चरे आणि रिंग अॅल्युमिनियमने बुजलेली. तेव्हापासून नवीन पाइप म्हणजे मेन जेट आधी आठ-दहा नंबर वर, हा नियम. जेटचा नंबर म्हणजे मिमीचा शंभरावा भाग, १२० म्हणजे १.२० मिमी. फुल एक्सलेटरवर गाडी बुडबुडायला लागली की दोन-तीन नंबर खाली, परत रन, असं करत फायरिंग साफ होईल तिथे थांबा. व्हेस्पाच्या एसआय कार्बोरेटरला वरचा एअर जेट मोठा केला की मिक्स्चर पातळ होतं, मेन जेटच्या उलट, इथे खूप जण चुकतात. खात्रीसाठी नवीन प्लग लावून चौथ्यात फुल रन मारा, क्लच दाबून लगेच इंजिन बंद करा आणि प्लगच्या चिनीमातीचा आत खोल, बुडाचा रंग बघा. तिथे तपकिरी कडं हवं, पांढरं असेल तर त्या जेटवर घरीसुद्धा जाऊ नका. किटला एनजीकेचा बी८ घ्या, त्यांच्यात नंबर वाढला की प्लग थंड. ऑइल २ टक्के, लिटरला २० मिली. भीतीपोटी जास्त ऑइल टाकलं तर तितकं पेट्रोल कमी जातं आणि मिक्स्चर पातळच होतं.

इग्निशन (प्लगची ठिणगी) किटवाल्याने सांगितलंय तितकंच ठेवा, बहुतेक टीडीसीच्या आधी १७ किंवा १८ डिग्री. स्ट्रोब लाइटने बघा, केसिंगवरच्या खुणेवर विसंबू नका. स्टेटर प्लेट (मॅग्नेटच्या आतली कॉइलची प्लेट) मॅग्नेट फिरतो त्याच दिशेने सरकवली की टायमिंग मागे जातं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा, त्या दिवशी ऊन होतं की थंडी तेही. पहिल्यांदा गरम करून पूर्ण गार झाल्यावर हेडचे नट टॉर्क रेंचने परत बघा, पाइपच्या तोंडाशी काळं ऑइल झिरपलंय का बघा, झिरपत असेल तर जेटला हात लावायच्या आधी तो जोड नीट करा.