आई-बाबांना मालदीवच्या बेटावर नेताना

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. आई-बाबांचा जन्म पऱ्हाटी आणि तुरीत गेला, समुद्र दोघांनीही पाहिला नव्हता. त्यांना मी चार रात्रींसाठी मालदीवला नेलं. तिथे रिसॉर्टच्या बेटावर एकच रिसॉर्ट असतं. गाव नाही, किराणा दुकान नाही, दुसरं हॉटेल नाही. म्हणून जे ठरवायचं ते घरूनच ठरवून निघा.

आधी पैशाचं. खोलीच्या दाखवलेल्या भाड्यात बहुतेक वेळा कर धरलेले नसतात. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, मग त्या बेरजेवर १७ टक्के कर, म्हणजे १०० डॉलरचे साधारण १२९ होतात. ग्रीन टॅक्स, म्हणजे पर्यावरणाचा कर, माणशी रोज १२ डॉलर, आम्हा तिघांचे चार रात्रींचे १४४ झाले. बेटावर नेणाऱ्या सीप्लेनचं, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाचं, भाडं आणखी वेगळं. सगळं धरून एकूण किती, हे ईमेलवर लिहूनच घ्या. आणि तिन्ही वेळचं जेवण धरून बुकिंग करा. ताटागणिक डॉलर मोजावे लागले असते तर आई जेवलीच नसती.

सीप्लेन फक्त उजेडात उडतं. नागपूरहून थेट विमान नाही, आम्ही मुंबईहून गेलो. मालदीवच्या राजधानीत, मालेला, दुपारी साडेतीनच्या आत उतरेल असंच विमान घ्या, नाहीतर पहिली रात्र तिथेच काढावी लागते. व्हिसा उतरल्यावर मिळतो, फुकट. मात्र प्रवासाआधीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ या मालदीव सरकारच्या साइटवरचा ऑनलाइन फॉर्म भरायचा. तोही फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका. बाबांच्या बीपीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवल्या होत्या.

पूजेची मूर्ती मात्र नेऊ नका, तिथल्या कायद्याने बंदी आहे. आईचा बाळकृष्ण मी निघायच्या आदल्या रात्री देवघरात परत ठेवायला लावला. तिला वाईट वाटलं, पण कस्टमवाल्यांनी काढून घेतला असता तर ती तिथेच खचली असती. जवसाची चटणी मात्र नेली.

पाण्यावरच्या खोल्या फोटोत फार सुंदर दिसतात. वयस्कर माणसं असतील तर तरीही वाळूवरची घ्या. पाण्यावरच्या खोलीतून समुद्रात उतरायला शिडी असते, गुडघे दुखणाऱ्याला ती जमत नाही. आमच्या दारातून आई पहाटे अनवाणी थेट पाण्याशी जायची. पहिले दोन दिवस नुसते पाय भिजवले. तिसऱ्या दिवशी लाइफ जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात उतरली, मास्क लावला, माझा हात घट्ट धरला आणि तोंड बुडवलं. वर आली तशी म्हणाली, "अरे, हे तं सारं जितं हाये!"

खरंच जिवंत असतं. पोवळ्यावर पाय ठेवू नका, वाळूतच उभे राहा. किनाऱ्यावर पडलेला पांढरा तुकडाही बॅगेत टाकू नका, तो देशाबाहेर नेता येत नाही. आईने माझ्या मुलीसाठी मूठभर जमवले होते. शेवटच्या संध्याकाळी एकेक करून तिने ते पाण्यात सोडले.