शरद संपाताची सावली: पाचवी-सहावीच्या मुलांसोबत कशी मोजावी

शरद ऋतू आला की वर्गासाठी पानं गोळा करून चिकटवण्याचे उपक्रम सुचवले जातात. पाचवी-सहावीतली मुलं त्यात अर्धा तासही रमत नाहीत. या वयाला मोजायला काहीतरी द्यावं. 22 किंवा 23 सप्टेंबरला शरद संपात असतो. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर वर असतो आणि उभ्या काठीच्या टोकाची सावली दिवसभर एका सरळ रेषेत, पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. त्या दिवसाच्या सर्वांत लहान सावलीवरून मुलांना आपल्या गावाचं अक्षांश काढता येतं. दोन दिवस मागेपुढे झाले तरी चालतं.

1. सपाट फरशी किंवा काँक्रीटची जागा निवडा. मातीचं मैदान नको, उंचसखल जमिनीवर रेषा वाकडी येते.

2. एक मीटरची काठी उभी करा. टोकावर पुठ्ठ्याचा आडवा तुकडा बसवून त्याला 5 मिलिमीटरचं भोक पाडा. सूर्य हा बिंदू नसून तबकडी आहे, त्यामुळे नुसत्या काठीच्या सावलीचं टोक साधारण सेंटिमीटरभर पुसट दिसतं आणि खूण कुठे करायची यावरून मुलं भांडत बसतात. भोकातून पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य मात्र सगळ्यांना सारखाच दिसतो.

3. दर पंधरा मिनिटांनी ठिपक्यावर खडूने फुली मारा, शेजारी वेळ लिहा. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे आधीच बजावून ठेवा.

4. आता अवघड भाग. ‘बारा वाजता सावली सर्वांत लहान असते, ती मोजा’ हा सल्ला अजिबात ऐकू नका. घड्याळातले बारा आणि सूर्याचा मध्यान्ह क्वचितच जुळतात. प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून दर अंशामागे 4 मिनिटांचा फरक पडतो. शिवाय शरद संपाताच्या सुमारास सूर्य सरासरी वेळेच्या सात-आठ मिनिटं पुढे असतो. मी पहिली दोन वर्षं मुलांना बारा वाजता उन्हात उभं केलं. दुसऱ्या वर्षी नेमक्या त्याच वेळी ढग आला आणि सगळी मेहनत वाया गेली.

मध्यान्ह पकडण्याची गरजच नाही, हे मला फार उशिरा कळलं. फुल्या एका रेषेत येतात ना? मग सर्वांत लहान सावली म्हणजे त्या रेषेवरचा लंब. दोरा ताणून रेषा आखा, मोठा गुण्या लावून लंब टाका, झालं. मधला तासभर ढगात गेला तरी बिघडत नाही. हाच लंब खरी उत्तर-दक्षिण दिशा दाखवतो. होकायंत्र शेजारी ठेवा, ते थोडं वेगळं बोट दाखवू शकतं. त्यावर मुलांना बोलू द्या.

लंब मात्र काठीच्या बुंध्यापासून मोजू नका. माझी चूक हीच होती. काठी तिरकी असली तरी टोक एका जागी स्थिर असल्याने फुल्या सरळच येतात, म्हणून चूक लक्षातही येत नाही. मीटरभर काठीचं टोक उत्तर-दक्षिण दिशेत 3 सेंटिमीटर कललं, तर शेवटी निघणारं अक्षांश सुमारे दीड अंशाने चुकू शकतं, म्हणजे जमिनीवर दीडशे किलोमीटरांहून जास्त. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा, तो भोकातून खाली सोडा आणि तो जमिनीला टेकतो तिथे खूण करा. लंब त्या खुणेपासून, आणि उंची जमिनीपासून भोकापर्यंत. काठी हाताने सरळ करत बसू नका, ती पुन्हा कलतेच.

5. वहीत दहापट लहान काटकोन त्रिकोण काढा. उंची 100 आणि लंब 36 सेंटिमीटर असेल, तर 10 सेंटिमीटर उभी रेघ आणि तळाशी 3.6 ची आडवी. वरचा कोन कोनमापकाने मोजा, जवळपास 20 अंश येईल. तेच तुमचं अक्षांश. नकाशाशी मुलांनाच ताडून पाहू द्या, तुम्ही आकडा आधी सांगू नका.

6. फरशीवरची रेषा आणि ओळंब्याची खूण पक्क्या रंगाने काढून ठेवा. महिन्याभराने तीच काठी, भोक त्याच खुणेच्या वर आणि त्याच उंचीवर ठेवून उभी करा. तोवर सूर्य साधारण साडेअकरा अंश दक्षिणेला गेलेला असतो. उत्तर गोलार्धात नवी रेषा जुनीच्या उत्तरेला पडते आणि दोन्ही टोकांना उत्तरेकडे वळते. आमच्या वर्गात सर्वांत जास्त प्रश्न त्या वळणावर विचारले जातात. त्या दिवशीचा पुढचा तास मोकळा ठेवा.