चिरालीत आठवडाभर निवांत: तुर्कस्तानातल्या शांत किनारी गावाची सुट्टी कशी आखावी

तुर्कस्तानची सहल म्हटली की इस्तंबूल, कॅपाडोकिया, पामुक्काले, अंतल्या असा आठ दिवसांचा कार्यक्रम ठरलेलाच असतो. पहाटे चारला उठून फुग्यात बसायचं, दुपारी बसमध्ये पेंगायचं, रात्री नव्या हॉटेलात पुन्हा बॅगा उघडायच्या. त्या सहलीत पाहण्यासारखं खूप आहे, पण माणूस घरी येतो तो थकून. हा लेख एकाच ठिकाणी सहा-सात रात्री राहायचं, समुद्रात डुंबायचं आणि दुपारी झाडाखाली आडवं व्हायचं ठरवलेल्यांसाठी आहे.

त्यासाठी मी एकच गाव सुचवते: चिराली. अंतल्या शहराच्या नैर्ऋत्येला, साधारण 80 किलोमीटरवर. तीन किलोमीटरहून लांब किनारा, त्यामागे संत्र्या-लिंबांच्या बागा आणि बागांमध्ये लपलेली लाकडी घरं. मागे बेय पर्वतरांगा थेट समुद्रावर उतरतात. किनाऱ्यालगत उंच इमारती नाहीत, कारण इथे समुद्री कासवं अंडी घालतात आणि आजूबाजूचा बराच भाग राष्ट्रीय उद्यानात येतो. गावात शांतता टिकली ती या कासवांमुळे. म्हणून आपलं नियोजनही त्यांना धरूनच करायचं.

आधी महिना ठरवा

बाकी सगळं यावर अवलंबून आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन भाजून काढतं, तुर्की शाळांना सुट्ट्या असतात आणि खोल्यांचे दर चढलेले असतात. मे महिन्यात आपल्या मुलांना सुट्टी असते खरी, पण समुद्र तेव्हा अजून गार असतो. पाण्यात पाय घातला की अंगावर काटा येतो. नोव्हेंबरात पाऊस सुरू होतो आणि बरीच निवासस्थानं हंगाम संपवून बंद होतात.

माझ्या मते सर्वांत चांगला काळ म्हणजे सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य. गणपती आटोपले की निघायचं आणि दसऱ्याच्या आसपास परतायचं, असं धरा. उन्हाळाभर तापलेला समुद्र तेव्हा उबदार असतो, हवा मऊ झालेली असते आणि गर्दी ओसरलेली असते. शाळकरी मुलं असतील तर हे जमणं अवघड, हे मान्य. मग जूनचा पहिला पंधरवडा बघा. फक्त त्या वर्षी बकरी ईद कधी येते ते आधी पाहा. तुर्कस्तानात तिला कुर्बान बायरामी म्हणतात, तेव्हा सगळा देश सुट्टीवर निघतो आणि किनारी गावांत खोली मिळत नाही. ही तारीख दर वर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकते.

व्हिसा आणि विमान

भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानचा व्हिसा लागतो. तुमच्याकडे अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा किंवा निवासाचा परवाना असेल, तर ई-व्हिसा ऑनलाइन काढता येतो. नसेल तर व्हिसा केंद्रामार्फत रीतसर अर्ज करावा लागतो, त्यासाठी दीड-दोन महिने हाताशी ठेवा. पासपोर्ट किमान सहा महिने वैध असू द्या. नियम बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याआधी अधिकृत सरकारी संकेतस्थळ स्वतः वाचा. त्यासारखीच दिसणारी आणि जादा पैसे उकळणारी संकेतस्थळंही आहेत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 2025 च्या मे महिन्यात भारत आणि तुर्कस्तानचे संबंध ताणले गेले, तेव्हा आपल्याकडच्या अनेक प्रवासी कंपन्यांनी तिथल्या सहली थांबवल्या. जावं की नाही हा प्रत्येकाचा निर्णय. जायचं ठरलं तर आखणी स्वतः करायची तयारी ठेवा. युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना मात्र हे सोपं आहे, कारण जर्मनी, नेदरलँड्स आणि ब्रिटनमधून हंगामात अंतल्याला थेट विमानं असतात.

मुंबईहून इस्तंबूल आणि तिथून सव्वा तासाचं अंतल्या. इस्तंबूलला दोन विमानतळ आहेत, एक युरोपच्या बाजूला आणि दुसरा, सबिहा ग्योक्चेन, आशियाच्या बाजूला. स्वस्त मिळालं म्हणून दुसऱ्या विमानतळावरून पुढचं तिकीट काढलंत, तर अख्खं शहर ओलांडावं लागेल. दोन्ही तिकिटं एकाच विमानतळाची आणि जमल्यास एकाच बुकिंगवर घ्या.

गावात पोचताना एक चूक टाळा

नकाशावर चिराली आणि प्राचीन अवशेषांसाठी ओळखलं जाणारं ऑलिम्पोस शेजारी शेजारी दिसतात आणि किनाऱ्याने चालत गेलं तर आहेतही. पण रस्त्याने दोघांचे फाटे वेगळे, घाट वेगळे. पहिल्या वेळी आम्ही ऑलिम्पोसच्या फाट्यावर उतरलो. संध्याकाळची वेळ, हातात दोन बॅगा, सोबत सत्तरीची आई. त्यामुळे बसमध्ये बसताना चालकाला "चिराली" असं स्पष्ट सांगा आणि फाटा आला की आठवण करायलाही सांगा.

मार्ग असा: अंतल्या विमानतळावरून ट्रामने शहराच्या बस स्थानकावर या, त्याला ओतोगार म्हणतात. तिथून कुमलुजाकडे जाणारी छोटी बस पकडा. महामार्गावरच्या चिराली फाट्यावर उतरलात की सात किलोमीटर उताराचा वळणावळणाचा रस्ता राहतो, त्यासाठी दोल्मुश असते. दोल्मुश म्हणजे आपलं वडाप. शब्दाचा अर्थच "भरलेली" असा आहे आणि भरल्याशिवाय ती हलत नाही. रात्री उशिरा उतरणार असाल किंवा सोबत वयस्कर माणसं असतील, तर निवासाच्या मालकालाच विमानतळावर गाडी पाठवायला सांगा. चार जणांत तो खर्च जड जात नाही.

खोली निवडताना

इथे मोठी हॉटेलं शोधू नका. घरगुती निवासाला पान्सियोन म्हणतात. तेच घ्या. एक कुटुंब बाग, स्वयंपाकघर आणि आठ-दहा लाकडी खोल्या सांभाळतं. विचारायच्या गोष्टी चारच: किनारा चालत किती मिनिटांवर, खोलीत वातानुकूलन आहे का, खिडक्यांना डासांची जाळी आहे का आणि न्याहारी दरात धरली आहे का. बागा आहेत म्हणजे डास आहेतच, जाळीचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. दर बऱ्याचदा युरोत सांगतात. लिराची किंमत घसरती असल्यामुळे ते समजण्यासारखं आहे. थोडी रोकड जवळ असू द्या, प्रत्येक छोट्या दुकानात कार्ड चालेलच असं नाही.

किती रात्री राहायचं? सहापेक्षा कमी नको. पहिले दोन दिवस शरीर प्रवासातून बाहेर येण्यातच जातात. तिसऱ्या दिवशी घड्याळ बघायचं राहून जातं, आणि खरी सुट्टी तिथून सुरू होते.

बॅगेत काय

किनारा गोट्यांचा आहे, गुहागरसारखी मऊ वाळू नाही. पाण्यात घालायचे रबरी बूट घरूनच न्या, नाहीतर पहिल्याच दिवशी तळवे सोलून निघतील. समुद्र लवकर खोल होतो, म्हणून पोहता न येणाऱ्यांनी कडेलाच बसावं आणि मुलांवर सतत नजर ठेवावी. एक चांगली विजेरी, युरोपी पद्धतीचं दोन पिनांचं अडॅप्टर, टोपी आणि संध्याकाळसाठी एक हलका स्वेटर. झालं.

दिवस कसा घालवावा

भारताचं घड्याळ तुर्कस्तानच्या अडीच तास पुढे आहे. तिथे पहाटे साडेचार होतात तेव्हा आपल्या शरीराला सात वाजलेले वाटतात, म्हणून पहिले काही दिवस जाग लवकर येते. कूस बदलत पडू नका, किनाऱ्यावर जा. चिरालीचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, सूर्य समुद्रातून वर येतो. कोकणात आपण समुद्रावर मावळता सूर्य बघत वाढलेलो, त्यामुळे पाण्यातून उगवणारा सूर्य बघताना दिशाच चुकल्यासारखी वाटते. आई पहिल्या सकाळी नकळत हात जोडून उभी राहिली आणि ऊन वर येईपर्यंत हलली नाही. सकाळी पाणी बहुतेक वेळा शांत असतं, पोहायची वेळ हीच. दुपारनंतर वारा उठतो. संध्याकाळी सूर्य डोंगराआड लवकर जातो आणि किनाऱ्यावर सावली येते.

मग न्याहारी, आणि तिच्यासाठी तास-दीड तास राखून ठेवा. टोमॅटो, काकडी, दोन प्रकारचे ऑलिव्ह, अंडी, मधावर घातलेली कायमाक म्हणजे घट्ट मलई, बागेतल्या संत्र्यांचा मुरंबा, ताजा पाव आणि कमरेत बारीक अशा छोट्या काचेच्या पेल्यात दूध नसलेला चहा. पेला रिकामा झाला की पुन्हा भरला जातो. थांबवायचं असेल तर चमचा पेल्यावर आडवा ठेवतात.

शाकाहारी माणसाची इथे आबाळ होत नाही. पालक किंवा चीज घातलेली ग्योझलेमे ही लाटलेली पोळी तव्यावर भाजताना बायका समोर दिसतात. ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, वांग्याचे प्रकार, घट्ट दही हे सगळीकडे मिळतं. "एत येमियोरुम" म्हणजे मी मांस खात नाही. मसुरीच्या सूपमध्ये कधी कधी मांसाचं पाणी असतं, तेवढं विचारून घ्या.

भाषेची भीती नको. साबणाला साबुन, हवेला हावा, पनीरला पेयनीर, आणि बिल मागायचं असेल तर "हेसाप", म्हणजे आपला हिशेबच. आणखी दोन शब्द शिका: "कोलाय गेल्सिन". काम करणाऱ्या माणसाजवळून जाताना म्हणतात, "काम सोपं जावो" असा अर्थ. बाग शिंपणाऱ्या आजोबांना हे म्हणालात की दुसऱ्या दिवशी दाराशी डाळिंबं ठेवलेली सापडतील. आम्हाला सापडली होती.

दोन ठिकाणं, बाकी काही नाही

सहा दिवसांत दोन वेळाच बाहेर पडा.

पहिलं ठिकाण ऑलिम्पोस. किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला चालत जा, गार पाण्याचा ओढा लागतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लिकिया या प्राचीन प्रदेशातल्या नगराचे अवशेष झाडीत पसरलेले आहेत. तिकीट लागतं. सकाळी लवकर जा, सावली असते. समुद्राजवळच एव्देमोस नावाच्या नौकाधिपतीची दगडी शवपेटी आहे. तिच्यावर जहाज कोरलेलं आहे आणि सोबत लेख आहे. जहाज अखेरच्या बंदरात येऊन नांगरलं आहे, आता ते निघायचं नाही, अशा आशयाचा. शेजारीच खरा समुद्र दिसत असतो. तिथे बसा थोडा वेळ.

दुसरं यानार्ताश, म्हणजे जळता दगड. गावाच्या उत्तरेला डोंगरउतारावर खडकाच्या भेगांमधून मिथेन वायू बाहेर येतो आणि हजारो वर्षं जळत राहिला आहे. आग ओकणाऱ्या कायमेरा राक्षसाची ग्रीक कथा याच जागेशी जोडतात. अंधार पडता पडता निघा, विजेरी आणि बंद बूट हवेतच, कारण तिकीटघरापासून अर्धा तास दगडी चढण आहे. वर पोचल्यावर दिसतात त्या छोट्या छोट्या ज्वाळा, शेगडी मंद ठेवल्यासारख्या, कुठे निळसर, कुठे पिवळ्या. जवळ वाकलं तर हलकी फुरफुर ऐकू येते. लोक तिथे पाव भाजतात. ज्वाळांत कचरा मात्र टाकू नका. गुडघे दुखत असतील तर ही चढण सोडून द्या, आई खाली चहा पीत बसली आणि तिला त्याचं वाईट वाटलं नाही.

ताहताली पर्वतावर, 2,365 मीटर उंचीवर, केबल कारने जाता येतं आणि लिकियन वे ही प्रसिद्ध पायवाटही गावातूनच जाते. तुमच्याकडे दहा दिवस असतील तर बघा.

कासवांच्या घरी पाहुणे

वेळासला कासव महोत्सवात पिल्लं समुद्रात सोडताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे सांगावं लागणार नाही. तिथली कासवं ऑलिव्ह रिडले, इथली लॉगरहेड. मे ते ऑगस्ट माद्या रात्री वर येऊन अंडी घालतात, जुलैपासून सप्टेंबरपर्यंत पिल्लं बाहेर पडतात. पिल्लू सर्वांत उजळ दिशेकडे चालतं आणि निसर्गात ती दिशा समुद्राची असते. गावातल्या एखाद्या दिव्याने ते उलटं फिरतं, आणि सकाळपर्यंत उन्हात सुकून मरतं. म्हणून रात्री किनाऱ्यावर विजेरी, मोबाइलचा दिवा किंवा शेकोटी नको. जाळीच्या पिंजऱ्याने खुणावलेल्या घरट्यांपासून दूर राहा, छत्रीचा दांडा किनाऱ्याच्या वरच्या अंगाला खोल रोवू नका, आणि मुलांनी खणलेले खड्डे उठताना बुजवा. पिल्लू त्यात पडलं तर त्याला वर येता येत नाही. कुठे पिल्लू दिसलंच तर उचलू नका, वाट मोकळी करा.

निघताना

परतीचं विमान सकाळचं असेल तर आदल्या रात्री अंतल्याच्या जुन्या शहरात, कालेइचीत मुक्काम करा. दुपारचं असेल तर दोल्मुशची वेळ मालकाला आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा, हंगाम संपत आला की फेऱ्या कमी होतात. बॅगा रात्रीच भरा, पण पोहण्याचे कपडे आणि एक प्लास्टिकची पिशवी वर ठेवा. उजाडताना एकदा पाण्यात उतरून यायला तासभर पुरतो, आणि ओले कपडे पिशवीत घालून घरी नेता येतात.