कोकणात फिरायला छोटी पार्लर गिटार घेताना

पार्लर म्हणजे जुन्या धाटणीची छोटी गिटार, ती एसटीत मांडीवर मावते. पण रत्नागिरी-मालवणच्या पावसाळी दमट हवेत अख्ख्या लाकडाची वरची फळी फुगते, तारा वर उचलल्या जातात आणि दाबताना बोटं दुखतात. त्यामुळे इथे प्लायची फळी घ्यावी. आवाज जरा बंद वाटतो, पण हवा सोसते. दुकानात स्टीलची पट्टी आणि एक पातळ कागद घेऊन जा.

1. मानेवर, म्हणजे लांब दांड्यावर, धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या फ्रेट. बाराव्या फ्रेटवर सगळ्यात जाड तार आणि फ्रेट यांच्यातलं अंतर मोजा. 2 ते 2.5 मिमी ठीक. जास्त असेल तर सॅडल (तारा टेकतात ती छोटी पट्टी) ब्रिजच्या (फळीवर चिकटवलेला, तारा अडकवायचा लाकडी तुकडा) वर किती आहे ते बघा. घासून कमी करायला उंचीच उरली नसेल तर गिटार सोडा, कारण मग मान काढून पुन्हा बसवावी लागते आणि तो खर्च छोट्या गिटारीला परवडत नाही.

2. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवा. आत शिरला तर ब्रिज सुटतोय.

3. ट्रस रॉड (मानेच्या आतली, मान सरळ करायची धातूची सळई) आहे का, तो फिरतो का, हे विचारा. जुन्या नमुन्याच्या काही गिटारींत तो नसतोच, मग वाकलेली मान सरळ करणं अवघड.

तारा 11 च्या (सगळ्यात बारीक तार 0.011 इंच जाडीची), कोटेड म्हणजे वरून पातळ थर दिलेल्या घ्या. खाऱ्या हवेत साध्या तारा लवकर गंजतात. कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, ओलावा धरला की बदला.

उन्हातल्या बंद गाडीत गिटार ठेवू नका, डिंक मऊ पडून ब्रिज निघतो.