मेट्टुपाळयम ते दोड्डाबेट्टा : उंचीनुसार पक्षी मोजण्याची तयारी

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, तर तमिळनाडूच्या निलगिरी डोंगररांगेतील दोड्डाबेट्टा शिखराची २,६३७ मीटर. त्यामुळे पायथ्यापासून माथ्यापर्यंत पक्षिसमूह कसा पालटतो हे एकाच डोंगरावर पाहायचे असेल, तर महाराष्ट्रातील अभ्यासकाने निलगिरी गाठावी; मेट्टुपाळयम हे तिच्या पायथ्याचे गाव. त्यासाठी फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ निवडावा, कारण तेव्हा दोन्ही मोसमी पावसांचा अडथळा नसतो आणि रहिवासी पक्षी गाऊ लागलेले असतात. हिवाळी पाहुण्यांची नोंद मात्र वेगळ्या रकान्यात ठेवावी. वनविभागाची लेखी परवानगी निघण्यापूर्वी हाती असावी, आणि पायथ्याच्या जंगलात हत्तींचा वावर असल्याने पहाटे स्थानिक वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नये.

सर्वाधिक वेळ मोजणीच्या जागा ठरवण्यात घालवावा. ४०० मीटरपासून २,५०० मीटरपर्यंत दर ३०० मीटरला एक, अशी आठ ठाणी आखावीत आणि प्रत्येक ठाण्यावर परस्परांपासून किमान २०० मीटर दूर असलेले सारख्याच संख्येचे बिंदू घेऊन प्रत्येक बिंदूवर दहा मिनिटे उभे राहावे. खाली तीन सकाळी आणि वर एकच सकाळ दिली, तर यादीत उंचीचा नव्हे, आपल्या श्रमांचा फरक उतरतो. रोज पायथ्यापासूनच सुरुवात केल्यास माथ्याच्या वाट्याला नेहमी उशिराची, शांत वेळ येते. म्हणून क्रम आलटून पालटून ठेवावा. चहाचे मळे, निलगिरी (युकॅलिप्टस) व वॅटल या परदेशी झाडांची लागवड आणि मूळ शोला, म्हणजे डोंगरघळींतील ठेंगणे सदाहरित जंगल, यांची सरमिसळ करू नये, कारण १,८०० मीटरवरील मळा आणि त्याच उंचीवरील शोला यांतील पक्षी भिन्न असतात. हा उतार पायथ्याशी कोरडा आहे, हेही ध्यानात असावे : कोरड्या पायथ्याच्या डोंगरांवर जातींची संख्या पुष्कळदा मध्यउंचीवर सर्वाधिक भरते, तर दमट डोंगरांवर ती बहुधा वर जाताना घटत जाते.

धुक्यात दुर्बिणीचा उपयोग थोडाच होतो, म्हणून आवाज आधी पाठ करावेत. नीलगिरी लाफिंगथ्रश, नीलगिरी शोलाकिली आणि काळा-नारिंगी माशीमार हे वरच्या शोलांचे पक्षी आहेत. शिपाई बुलबुल मात्र खालपासून वरपर्यंत भेटतो, म्हणून केवळ त्याच्या असण्यावरून उंचीचा पट्टा ओळखता येत नाही. शोलाकिलीला बाहेर काढण्यासाठी ध्वनिमुद्रण वाजवू नये. पश्चिम घाटातील पालघाट खिंडीच्या उत्तरेकडील मोजक्या उंच शोलांपुरत्या मर्यादित असलेल्या या पक्ष्याला विणीच्या काळात त्रास देणे मला अक्षम्य वाटते.

उबदार कपडे, पाऊसरोधक वही आणि जादा बॅटरी घ्यावी. माथा पायथ्यापेक्षा बारा-तेरा अंशांनी थंड असू शकतो. हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक हवामानाबरोबर चुकतो, म्हणून तो रोज ज्ञात उंचीच्या ठिकाणी जुळवावा. प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत. पेरूमधील पांतियाकोया डोंगरावर १९८५ मध्ये झालेली मोजणी २०१७ मध्ये पुन्हा करता आली, ती जुन्या नोंदी नेमक्या होत्या म्हणूनच. त्यातूनच पूर्वी माथ्यावर सहज दिसणारे काही पक्षी तेथून नाहीसे झाल्याचे उघड झाले. जेथे दहा मिनिटांत एकही पक्षी आढळला नाही, तेथेही वेळ, धुके आणि वारा लिहून शून्य नोंदवावे.