मुदतपूर्व बाळ घरी आल्यावर: हातावर पोट असलेल्या कुटुंबांसाठी पाठपुराव्याची माहिती

नवजात शिशु कक्षातून सुट्टी मिळाली की घरच्यांना हायसे वाटते. परंतु गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाचे डोळे, कान आणि मेंदूची वाढ पुढे किमान दोन वर्षे तपासत राहावी लागते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर जन्मवेळचे आठवडे, वजन आणि पुढील तपासण्यांच्या तारखा लिहून घ्याव्यात.

सर्वांत निकडीची तपासणी डोळ्यांची. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत, आणि बाळ २८ आठवड्यांपूर्वीचे किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे असल्यास दोन ते तीन आठवड्यांतच, नेत्रतज्ज्ञाने पाहिला पाहिजे. पडद्यावरील रक्तवाहिन्यांचा दोष बाहेरून दिसत नाही आणि उपचाराला उशीर झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते, त्यामुळे ही तारीख कोणत्याही कारणाने पुढे ढकलू नये. पहिली तपासणी ठीक आली तरी डॉक्टर बोलावतील तेव्हा पुन्हा जावे. श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात व्हावी.

बाळाची प्रगती मोजताना जितके आठवडे ते लवकर जन्मले तितके वयातून वजा करावेत. आठ आठवडे आधी जन्मलेले सहा महिन्यांचे बाळ विकासाच्या दृष्टीने सुमारे चार महिन्यांचे असते. ते बसत नाही म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलण्याने आईने खचू नये. लसीकरण मात्र जन्मतारखेप्रमाणेच करावे. वजा केलेल्या वयाने चार महिने झाल्यावरही मान न सावरणे, मुठी सतत आवळलेल्या असणे किंवा पाय ताठ राहणे दिसल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते, आणि पाठपुरावा सुटतो तो बहुधा यामुळेच. त्यात आईबापांची बेफिकिरी शोधणे अन्यायाचे आहे. त्यामुळे डोळे, कान आणि फिजिओथेरपीच्या तारखा एकाच दिवशी द्याव्यात, अशी विनंती निःसंकोचपणे करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात या सेवा मोफत मिळतात, तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार आणि वाहन विनामूल्य आहे. वाहनासाठी १०२ क्रमांक लावावा किंवा आशाताईंना सांगावे. पहिल्या ४२ दिवसांतील त्यांच्या गृहभेटींमागे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी केलेल्या कामाचा मोठा आधार आहे. या भेटींत बाळाचे वजन आवर्जून करून घ्यावे.

तारीख चुकलीच, तर संकोच न करता कार्ड घेऊन दुसऱ्याच दिवशी जावे.